पिकअपचा एबीएस दिवा पुन्हा पुन्हा लागतो: मॉड्यूल बदलण्याआधी काय तपासावे

लक्षणे

किल्ली ऑन केल्यावर मीटरमधला पिवळा एबीएस दिवा, म्हणजे ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा, लागतो, दोन-तीन सेकंदांत विझतो, आणि गाडी चालू लागून थोडा वेग घेते न घेते तोच पुन्हा लागतो. नाशिकमध्ये माझ्याकडे येणाऱ्या पिकअपची सर्वांत नेहमीची तक्रार हीच असते. काही गाड्यांत दिवा विझतच नाही. काहींत तो फक्त सकाळच्या पहिल्या स्टार्टला लागतो आणि दुपारी गायब होतो, काहींत फक्त पावसात किंवा गाडी धुऊन आणल्यावर लागतो, आणि काहींत गाडी रिकामी असताना सगळे ठीक असते, पण कांद्याच्या गोण्या भरून पिंपळगावच्या वाटेला लागले की दिवा पेटतो. हे फरक किरकोळ वाटतात, परंतु दोष कुठे आहे हे बहुतेक वेळा त्यांच्यातूनच कळते. म्हणून गाडी आणताना ‘दिवा लागतो’ एवढेच न सांगता तो कधी लागतो हे सांगावे.

दिव्याशिवायची दोन लक्षणेही लक्षात ठेवण्यासारखी आहेत. कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर हळूच थांबताना, अगदी शेवटच्या दहा-पंधराच्या वेगाला, पायाखालचे पेडल थरथरते आणि पुढून ‘कर्रकर्र’ असा आवाज येतो, हे पहिले. दुसरे म्हणजे गाडी बंद करून किल्ली काढली तरी बोनेटखाली एबीएसच्या पंपाची मोटर घुर्रत राहते आणि सकाळी बॅटरी उतरलेली मिळते. पहिल्या लक्षणाचे मूळ जवळजवळ नेहमी चाकाजवळ सापडते. दुसऱ्यात मात्र मॉड्यूलमधला (एबीएस चालवणाऱ्या संचातला) रिले, म्हणजे मोटरला वीज देणारा स्विच, चिकटल्याचा संशय रास्त ठरतो, आणि अशा वेळी मोटर जळण्याआधी तिचा फ्यूज काढून ठेवून गाडी जागेवरच उभी करावी.

आणखी एक लक्षण आहे, ते म्हणजे दिवा अजिबात न लागणे. किल्ली ऑन करताना एबीएसचा दिवा क्षणभर लागलाच पाहिजे, कारण ती त्या यंत्रणेची स्वतःची चाचणी असते. जुनी पिकअप विकत घेताना हा दिवा लागला नाही, तर कोणीतरी मीटर उघडून तो बंद करून ठेवला आहे असे समजून पुढचा व्यवहार करावा.

गाडी चालवावी की नाही

फक्त पिवळा दिवा असेल तर साधे ब्रेक शाबूत असतात. जाते ती चाक जाम होऊ न देण्याची सोय. अशा गाडीने सावकाश, अंतर ठेवून गॅरेज गाठता येते. मात्र पिवळ्यासोबत लाल ब्रेकचा दिवाही लागला असेल, तर एकतर ब्रेक ऑइल कमी झाले आहे किंवा पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडीची सोयही बंद पडली आहे. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग आधीच हलका असतो. त्यात ईबीडी नसताना जोरात ब्रेक मारला तर मागची चाके पुढच्यांआधी जाम होतात आणि गाडी आडवी होते. दोन्ही दिवे लागलेली गाडी कसारा घाटात किंवा चांदवडच्या राहूड घाटात उतरवू नये. पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, स्पंजासारखे लागत असेल किंवा चाकाच्या आतल्या बाजूला ओल दिसत असेल, तर पुढची एकही तपासणी स्वतः करू नये आणि गाडी टोचन करून न्यावी.

जाता जाता ड्रायव्हर मंडळींसाठी एक गोष्ट. जुन्या गाड्यांवर शिकलेले अनेक जण निसरड्यावर पेडल मारून-सोडून, मारून-सोडून ब्रेक लावतात. एबीएस चालू असलेल्या गाडीत हे काम मॉड्यूल स्वतः, माणसाच्या पायापेक्षा कितीतरी वेगाने करते. तिथे पेडल दाबून धरायचे असते. दिवा लागलेला असला की मात्र जुनीच सवय कामाला येते.

पाना न लावता होणारी तपासणी

पहिला प्रश्न टायरचा. चारही चाकांचे वेग एकमेकांशी पडताळून पाहणे हा एबीएसच्या कामाचा पाया आहे. एका बाजूला वेगळ्या मापाचे टायर असेल, स्टेपनी म्हणून दुसऱ्याच मापाचे चाक चढवले असेल किंवा एका चाकात हवा फारच कमी असेल, तर ते चाक कायम वेगळ्या गतीने फिरते आणि मॉड्यूल त्याला चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरचा दोष समजते. टायरच्या कडेवर छापलेले माप चारही ठिकाणी वाचून पाहायला पाच मिनिटे लागतात आणि पैसा लागत नाही.

दुसरा प्रश्न म्हणजे दिवा लागण्याच्या आधी गाडीवर कोणते काम झाले. बेअरिंग बदलले का, हौद्याला जाळी किंवा वाढीव फाळके बसवले का, जीपीएस लावला का, हॉर्न किंवा जादा दिवे जोडले का, वॉशिंग सेंटरला खालून प्रेशरने धुतली का? या पाचांपैकी एकाचे उत्तर ‘हो’ असेल तर तपासणी तिथूनच सुरू करावी. मला स्वतःला सर्वांत जास्त धास्ती वेल्डिंगची वाटते. बॅटरीची केबल न काढता चेसिसवर वेल्डिंग केले, की त्याचा प्रवाह अर्थच्या, म्हणजे चेसिसमार्गे बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतणाऱ्या विजेच्या, वाटांनी कुठेही फिरू शकतो आणि मॉड्यूल खरोखरच जाऊ शकते. बॉडीचे काम करायला गाडी देताना बॅटरीच्या दोन्ही केबल काढायला लावाव्यात, मॉड्यूलचा कपलर (वायरचा जोड) सोडवून ठेवावा आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प जोडाच्या अगदी जवळ लावायला सांगावा. हे सांगायला गाडीमालकाने स्वतः तिथे उभे राहिलेले बरे.

तिसरी तपासणी ब्रेक ऑइलची. डबीवरच्या दोन खुणांच्या मध्ये पातळी असली पाहिजे. पॅड झिजत जातात तशी ती थोडी उतरतेच. पण महिन्याभरात खालच्या खुणेपर्यंत आली असेल तर गळती आहे. नुसते ऑइल टाकून पुढे जाऊ नये. डबीच्या झाकणावर जो दर्जा छापलेला असतो, डॉट ३ किंवा डॉट ४, तोच वापरावा. इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टीअरिंगचे ऑइल चुकून जरी पडले तरी रबरी सील फुगतात आणि मग एबीएसच्या ठोकळ्यापासून मास्टर सिलिंडरपर्यंत सगळेच उघडावे लागते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे साधारण दोन वर्षांनी ते बदलायला हवे. ज्या गाड्यांत ते कधीच बदललेले नसते, त्यांच्या मॉड्यूलमधले बारीक व्हॉल्व्ह आतून गंजलेले मी पाहिले आहेत.

बॅटरी आणि फ्यूज

यापुढे एक साधा मल्टिमीटर लागेल. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास असावी, स्टार्टर फिरत असताना ती ९.६ च्या खाली जाऊ नये, आणि इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ व्होल्ट मिळावेत. हे तपासण्याचे कारण असे, की एबीएसच्या मॉड्यूलला ठरावीक व्होल्टेजपेक्षा कमी वीज मिळाली तर ते चुकीचा निर्णय घेण्यापेक्षा स्वतःला बंद करून घेते आणि दिवा लावते. सकाळच्या पहिल्या स्टार्टलाच लागणारा दिवा हा बहुधा म्हाताऱ्या बॅटरीचा निरोप असतो. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्याने धुऊन, पॉलिश पेपरने घासून, घट्ट आवळून मगच पुन्हा मोजावे. केबल हाताने हलवून हलत असेल, तर बाकी सगळे तसेच ठेवून आधी ती बसवावी.

एबीएसला सहसा एकापेक्षा जास्त फ्यूज असतात: पंपाच्या मोटरचा मोठा, व्हॉल्व्हचा त्याहून लहान आणि किल्लीनंतर येणाऱ्या विजेचा छोटा. मोठे दोन बहुधा बोनेटखालच्या डब्यात असतात आणि छोटा डॅशबोर्डखाली असतो. एकच पाहून ‘फ्यूज ठीक आहे’ असे म्हणणारे कारागीर बरेच भेटतात. फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहून चालत नाही, कारण त्याच्या पायाजवळची केसाएवढी चीर दिसत नाही. किल्ली ऑन ठेवून टेस्ट लॅम्पची सुई फ्यूजच्या पाठीवरच्या दोन्ही उघड्या टोकांना लावावी, दोन्हीकडे सारखाच उजेड पडला पाहिजे. उडालेला फ्यूज त्याच अँपिअरच्या नव्या फ्यूजने एकदा बदलावा. तो पुन्हा उडाला, तर तिथेच थांबावे. वायर कुठेतरी चेसिसला लागली आहे किंवा पंपाची मोटर अडकली आहे, आणि मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालणे म्हणजे वायरिंगला आग लावण्याची सोय करून ठेवणे.

स्कॅनर काय सांगतो, काय सांगत नाही

ऑनलाइन मिळणारे स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बहुतेक वेळा फक्त इंजिनच्या दोषांचे कोड वाचतात. त्यावर ‘दोष नाही’ असे दिसले म्हणून एबीएस निर्दोष ठरत नाही. एबीएसचा कोड वाचणारा स्कॅनर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे जावे, आणि कोड पुसण्याआधी ते सगळे कागदावर लिहून घ्यावेत किंवा मोबाइलवर फोटो काढावा. अनेकदा गाडी माझ्यापर्यंत येते तोवर तीन ठिकाणी कोड पुसून झालेले असतात. दिवा त्यामुळे दोन दिवस विझतो खरा, पण पुरावाही पुसला जातो.

कोड वाचताना एक चूक फार होते. ‘डाव्या पुढच्या चाकाचा सेन्सर’ असा कोड आला की लगेच सेन्सर मागवला जातो. कोड प्रत्यक्षात एवढेच सांगतो, की त्या चाकाकडून मॉड्यूलला अपेक्षित खबर मिळाली नाही. ती खबर सेन्सरमध्ये अडली, वायरमध्ये अडली, चाकाबरोबर फिरणाऱ्या दात्यांच्या चकतीवर बिघडली की मॉड्यूलच्या दारात, हे कोडला ठाऊक नसते. त्याचप्रमाणे ‘यू ०१२१’ हा कोड एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटल्याचा आहे. तो वाचून मॉड्यूल मेले असे जाहीर करणारे पुष्कळ आहेत, पण ज्याचा फ्यूज उडाला आहे किंवा अर्थ सुटला आहे ते मॉड्यूलही अगदी असेच गप्प बसते.

चांगल्या स्कॅनरवर चारही चाकांचे वेग एकाच वेळी दिसतात. शेजारी दुसरा माणूस बसवून, रिकाम्या रस्त्यावर गाडी सरळ आणि संथ वेगाने चालवत हे आकडे पाहावेत. कोणते चाक मध्येच शून्य होते, कोणते मागे राहते, हे तिथे उघड दिसते. काही पिकअपमध्ये मागच्या दोन चाकांना मिळून एकच सेन्सर डिफरेन्शिअलवर असतो, तेव्हा तीनच आकडे दिसले तर घाबरू नये.

चाकाजवळ

इथे गाडी जॅकवर घ्यावी लागते. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही काम करू नये. सपाट फरशी, चाकाला अडण आणि चेसिसखाली स्टँड या तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे जावे, नाहीतर हे काम गॅरेजवर सोडावे.

सेन्सर दोन जातींचे असतात आणि ते ओळखल्याशिवाय मीटर लावू नये. जुन्या जातीच्या आत चुंबक आणि तारेचे वेटोळे असते; त्याचा रोध बहुधा शेकडो ते दोन-अडीच हजार ओहम भरतो, आणि चाक हाताने साधारण सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवले तर मीटरच्या एसी मापावर लहानसा व्होल्टेज हलताना दिसतो. नव्या जातीच्या सेन्सरला मॉड्यूलकडून वीज मिळते आणि त्याच्या आत इलेक्ट्रॉनिक चिप असते. त्याचा रोध मोजण्याला अर्थ नाही, उलट चुकीच्या मोजमापाने चांगला सेन्सर बिघडू शकतो. तिथे कपलरवर वीज येते का ते पाहावे आणि बाकीचे स्कॅनरवरच्या आकड्यांवर सोडावे.

जुन्या जातीचा सेन्सर बाहेर काढला की पुष्कळदा त्याच्या टोकाला काळ्या लोखंडी भुकटीची दाढी उगवलेली दिसते. ब्रेकच्या डिस्कची झीज त्या चुंबकाला चिकटत जाते आणि सेन्सर व दाते यांच्यातले बारीक अंतर बुजते. फडक्याने ते टोक पुसणे, सेन्सर बसतो त्या भोकातला गंज ब्रशने काढणे आणि तो पूर्ण खोलवर बसला आहे ना हे पाहणे, एवढ्याने मी कित्येक दिवे विझवले आहेत. भोकातला गंज फुगून सेन्सरला बाहेर ढकलतो. अंतर वाढते, आणि कमी वेगाला खबर इतकी क्षीण होते की मॉड्यूलला वाटते चाक जाम झाले. वर सांगितलेली थांबता थांबता होणारी थरथर याच कारणाने होते. सेन्सर भोकात अडकला असेल तर पक्कडीने ओढू नये, तो तुटून टोक आतच राहते; गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबावे आणि वळवत वळवत काढावा.

मग दात्यांची चकती पाहावी. एखादा दाता तुटलेला, दोन दात्यांमध्ये खडा अडकलेला किंवा चकतीलाच चीर गेलेली असेल, तर प्रत्येक फेऱ्यात एकदा खबर तुटते. चीर असेल तर ती हळूहळू फिरवत सगळी पाहिल्याशिवाय सापडत नाही. नव्या जातीच्या अनेक बेअरिंगमध्ये दाते नसतातच. एका बाजूच्या सीलमध्ये चुंबकीय पट्टी असते. बेअरिंग उलट बसवले की ती पट्टी सेन्सरच्या विरुद्ध बाजूला जाते आणि सेन्सर नवा असो की जुना, खबर येतच नाही. बेअरिंग बदलल्याच्या दुसऱ्या दिवशी दिवा लागला असेल, तर हा संशय पहिल्यांदा घ्यावा. बेअरिंग पुन्हा काढून बसवणे हे प्रेसचे काम आहे, हातोड्याचे नव्हे.

वायर: माझी स्वतःची चूक

निफाडकडची एक पिकअप माझ्याकडे एकाच तक्रारीसाठी तीनदा आली. मागच्या उजव्या चाकाचा कोड होता. पहिल्यांदा मी सेन्सर साफ केला, दुसऱ्यांदा बदलला आणि तिसऱ्यांदा, सगळे तपासून झाले अशा खात्रीने, मॉड्यूल बदलायला लावले. आठव्या दिवशी मालकाचा फोन आला की दिवा पुन्हा लागला आहे, गाडी टोमॅटोचे क्रेट भरून बाजार समितीच्या रांगेत उभी आहे. या वेळी मी त्यांना गाडी रिकामी न करता आणायला सांगितली.

भरलेल्या गाडीखाली आडवा झालो तेव्हा जे दिसले, ते रिकाम्या गाडीत तिन्ही वेळा दिसणे शक्य नव्हते. वजनाने स्प्रिंगचे पाटे दबले होते आणि धुरा चेसिसच्या जवळ आला होता. रिकाम्या गाडीत ताणून राहणारी सेन्सरची वायर त्यामुळे ढिली पडून खाली लोंबत होती आणि पाट्याच्या यू-बोल्टच्या टोकावर टेकली होती. तिथे आवरण घासून नखाएवढी तांब्याची तार उघडी पडली होती. रिकामी झाली की वायर पुन्हा ताणली जायची, बोल्टपासून सुटायची आणि मीटर सगळे ठीक दाखवायचा. वायर दुरुस्त करून, रबरी नळीत घालून, नव्या क्लिपने बांधली. तो दिवा पुन्हा लागला नाही. मॉड्यूलचे पैसे मी मालकाकडून घेतले नाहीत, आणि ते जुने मॉड्यूल अजून माझ्या फळीवर आहे.

तेव्हापासून वायरची तपासणी मी वेगळ्या प्रकारे करतो. ज्या स्थितीत दिवा लागतो त्याच स्थितीत गाडी पाहायची: भरलेली तर भरलेली, ओली तर ओली. पुढच्या चाकांच्या वायर स्टीअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहायच्या, कारण त्या रोज हजारदा वाकतात आणि आवरण शाबूत असतानाही आतली तार तुटते. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावून, मदतनिसाला वायर इंच-इंच वाकवायला सांगायचे; मीटरची ‘टीं’ जिथे तुटते तिथे दोष. कपलर उघडून आतल्या पिनांवर हिरवी पूड दिसली तर पाणी गेले आहे. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात रोज फिरणाऱ्या गाड्यांत आणि खालून प्रेशर मारून धुतलेल्या गाड्यांत हे हमखास सापडते. कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, वाळवून, कपलरचे रबरी सील जागेवर आहे ना हे पाहून बसवावे. वायर जोडायची झाली तर नुसती पिळून टेप गुंडाळू नये. सोल्डरचा जोडही चाकाजवळ जिथे वायर वाकते तिथे टिकत नाही, तो कडेशी तुटतो. चांगला क्रिम्प आणि त्यावर आतून चिकट असलेली हीट श्रिंक नळी वापरावी. शेताजवळ किंवा गोदामाजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या वायरही पाहाव्यात.

मॉड्यूलच्या दारात

चाक आणि वायर निर्दोष असतील तरच मॉड्यूलकडे यावे. इथली पहिली तपासणी अर्थची, आणि तीच सर्वांत जास्त चुकते. मॉड्यूलचा कपलर काढून मल्टिमीटर लावला की १२ व्होल्ट दिसतात आणि कारागीर समाधानी होतो. मल्टिमीटर मात्र नावापुरताच प्रवाह ओढतो. गंजलेल्या बोल्टमधून तेवढा सहज जातो. पंपाला लागणारा मोठा प्रवाह तिथून जात नाही. म्हणून हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब घ्यावा, जो साधारण ५ अँपिअर ओढतो, आणि तो कपलरच्या वीज येणाऱ्या पिनेला व अर्थच्या पिनेला जोडावा. पिना पसरणार नाहीत अशी बारीक सुई वापरावी. बल्ब लख्ख पेटला पाहिजे. तो पेटलेला असतानाच अर्थच्या पिनेपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत व्होल्टेज मोजावा. तो ०.२ पेक्षा जास्त असेल तर अर्थ खराब आहे.

एका गाडीत दुसरीकडून ‘मॉड्यूल गेले’ असा निकाल आला होता. बल्ब लावला तर तो पणतीसारखा मिणमिणला. चेसिसला रंग देताना अर्थचा बोल्ट सोडून, त्याखालीही रंग मारून, वरून बोल्ट पुन्हा आवळला होता. पत्रा उघडा होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वर ग्रीस लावले. काम अर्ध्या तासाचे होते.

ज्या गाड्यांत मॉड्यूल एकमेकांशी कॅन लाइनवर बोलतात, तिथे संपर्काचा कोड असेल तर बॅटरीची केबल काढून, स्कॅनर जोडतात त्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ क्रमांकाच्या पिनांमधला रोध मोजावा. तो ६० ओहमच्या आसपास हवा. १२० आला तर लाइनच्या एका टोकाची वाट तुटलेली आहे, आणि शून्याजवळ आला तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. नंतर लावलेल्या जीपीएसच्या तारा या लाइनला टोचलेल्या मला एकदा नव्हे, अनेकदा सापडल्या आहेत.

इथपर्यंत सगळे ठीक निघाले, वीज आणि अर्थ भारासहित तपासले, आणि तरीही मॉड्यूलच्या आतील दोषाचा, व्हॉल्व्हच्या रिलेचा किंवा पंपाच्या मोटरचा कोड पुसताक्षणी परत येतो, तर मॉड्यूल खराब मानायला हरकत नाही. गाडी तापल्यावर येणारा आणि थंड झाल्यावर जाणारा दोष बहुधा आतल्या सोल्डरच्या किंवा बारीक तारेच्या जोडात असतो. असे मॉड्यूल उघडून दुरुस्त करणारे कारागीर आहेत आणि काहींचे काम चांगले टिकते. पण काम पाहून, निदान काही महिन्यांची हमी लेखी घेऊनच द्यावे.

बदलताना, आणि इथे व्यावसायिकच हवा

मॉड्यूलचे दोन भाग असतात: वरचा इलेक्ट्रॉनिक भाग आणि खालचा ऑइलचे पाइप जोडलेला धातूचा ठोकळा. काही गाड्यांत वरचा भाग स्क्रूने सुटा होतो. तेव्हा ऑइल उघडावे लागत नाही, एअर काढावी लागत नाही, काम सोपे होते आणि खर्चही कमी येतो. म्हणून पूर्ण मॉड्यूल मागवण्याआधी सुटा भाग मिळतो का हे विचारावे.

पूर्ण मॉड्यूल बदलायचे असेल तर ते घरी करण्याचे काम नाही, आणि मी हे ग्राहक तुटू नये म्हणून म्हणत नाही. पाइपचे नट साध्या पान्याने गोल होतात, त्याला नटाला चहूबाजूंनी धरणारा पाना लागतो. पाइपांच्या जागा अदलाबदल झाल्या तर चुकीच्या चाकाचा ब्रेक सुटतो. आणि ठोकळ्याच्या आत अडकलेली हवा नुसते पेडल मारून निघत नाही, स्कॅनरने पंप आणि व्हॉल्व्ह चालवून ती काढावी लागते. हवा राहिली तर दिवा विझलेला असतो, पेडलही ठीक लागते, आणि पहिल्यांदा एबीएस चालू होते त्या क्षणी पेडल खाली जाते.

भंगारातले मॉड्यूल घेताना पार्ट नंबर अक्षरशः जुळला पाहिजे; एक अक्षर वेगळे असले तरी आतला प्रोग्रॅम वेगळ्या चाकांसाठी किंवा वेगळ्या वजनाच्या गाडीसाठी असू शकतो. नंबर जुळूनही बऱ्याच गाड्यांत चेसिस नंबर आणि गाडीचा प्रकार स्कॅनरने भरावा लागतो, आणि तो भरून देणारा माणूस आधी नक्की केल्याशिवाय पैसे मोजू नयेत. जुने मॉड्यूल ठोकळ्याच्या भोकांना बूच न लावता पडून राहिले असेल, तर आत ओल आणि धूळ गेलेली असते. ते घेऊ नये.

काम झाल्यावर गॅरेजने गाडी हातात देण्याआधी तीन गोष्टी आपल्यासमोर करायला सांगाव्यात. इंजिन चालू ठेवून पेडल मिनिटभर दाबून धरावे. ते हळूहळू खाली गेले तर काम अपुरे आहे. त्यानंतर सगळ्या पाइपांचे जोड कोरड्या फडक्याने पुसून पुन्हा पाहावेत. शेवटी, रिकाम्या, मोकळ्या मैदानात मुरमावर किंवा ओल्या मातीवर तीसच्या वेगाने जोरात ब्रेक मारावा. पेडल थरथरले, चाकांचे लांब ओरखडे उमटले नाहीत, गाडी सरळ थांबली आणि दिवा विझलेलाच राहिला, तर बिल द्यावे. मॉड्यूल बदलण्याआधी दिवा गाडी भरलेली असतानाच लागत असेल, तर ही चाचणी पुरेशी नाही. पहिली भरलेली फेरी जवळची घ्यावी आणि परत येताना गॅरेजवरून यावे.